गोड न लागलेले उंबर

घाटमाथ्यावरच्या दाट जंगलात, ओढ्याकाठच्या एका जुन्या उंबरावर एक शेकरू आणि तिची लेक राहत असत. मुलांनो, शेकरू म्हणजे झाडावर राहणारी मोठी, तांबूस रंगाची खार. ती सहसा जमिनीवर उतरत नाही. तिचे खाणे, झोपणे, खेळणे सारे फांद्यांवरच चालते. ही लेक आता लहान राहिली नव्हती आणि पुरती मोठीही झाली नव्हती. शेपूट आईएवढी झुबकेदार झाली होती, पण मन अजून उड्यांमध्येच होते. काही कारण नसताना ती या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेई. पिकलेले उंबर सापडले की मागच्या पायांनी फांदी घट्ट धरून उलटी लोंबकळे, फळ दोन्ही हातांत धरी आणि डोळे मिटून खाई. खाताना तिच्या घशातून बारीक गुरगुर निघे. शेजारच्या झाडाच्या ढोलीपाशी राहणारा म्हातारा धनेश पक्षी ते पाहून म्हणे, "अगं पोरी, तू खातेस आणि पोट माझं भरतं!"

शेकरूला मात्र ते मिटलेले डोळे बघवत नसत. आदल्या वर्षी तिचा मोठा लेक असाच जांभळे खाण्यात रंगून गेला होता. मोरघार हा मोठा शिकारी पक्षी वरून केव्हा झेपावला, ते कोणालाच कळले नाही. फांदीवर राहिले ते फक्त एक अर्धे खाल्लेले जांभूळ. तेव्हापासून शेकरूने मनाशी पक्के केले होते, की ही लेक काही झाले तरी गमवायची नाही.

त्यासाठी तिने आपल्या समजुतीने एक उपाय शोधला. लेक खाण्यात रंगली, की ती पानांआडून जोरात ओरडे, "मोरघार!" लेक हातातले फळ टाकून खोडाला चिकटे. तिचे ऊर धडधडत राही. आकाश तर रिकामेच असे.

"कुठं आहे गं मोरघार?" लेक विचारी.

"आज नव्हती, उद्या असेल. आणि फळ टाकायला इतका वेळ? खरी असती तर एव्हाना गेली असतीस!"

लेक नुसती बसलेली असली तर शेकरू कधी ओरडत नसे. तेव्हा लेक सावधच असे, मग ओरडायचे कशाला? पांगाऱ्याच्या फुलातला मध जिभेला लागला, की हाक येई. एखादी लांब उडी छान साधली आणि लेक स्वतःशीच खुदकन हसली, की हाक येई. हाक आली नाही असा एकही आनंद तिच्या वाट्याला येईनासा झाला.

एकदा धनेशाला राहवले नाही. "शेकरूबाई, पोरीला एक घास तरी सुखानं गिळू द्या की."

"तुमचं बरं आहे हो मामा. तुमची पिल्लं ढोलीत, तोंड लिंपून केलेल्या भिंतीआड वाढतात. माझं लेकरू उघड्यावर आहे."

"पण मोरघार काय रोज येते? तुम्ही मात्र रोज येता!"

शेकरूला ते बोलणे झोंबले. ती म्हणाली, "थोडे दिवस कळ काढू दे तिला. एकदा स्वतःचं घरटं बांधलं, की हे अख्खं झाड तिचंच आहे. मग खाईल की पोटभर!"

त्या जंगलातल्या शेकरूंची तशी रीतच होती. लेकराने पहिले घरटे बांधून पुरे केले, की आईने आपले सर्वांत चांगले झाड त्याला द्यायचे आणि आपण दुसरीकडे जायचे.

हळूहळू लेक बदलत गेली. ती उघड्या डोळ्यांनी, भराभर खाऊ लागली. उलटे लोंबकळणे सुटले. विनाकारण मारलेल्या उड्या थांबल्या. गरज असेल तेवढीच उडी ती मारी. घशातली गुरगुर कधी बंद झाली, ते आईच्या ध्यानातही आले नाही. "शहाणी झाली माझी पोर," ती धनेशाला कौतुकाने सांगे. धनेश मान वळवून दुसरीकडे पाही.

आणि एके दिवशी खरोखरच मोरघार आली. शेकरूला ओरडायलाही सवड मिळाली नाही. पण सावली अंगावर पडण्याआधीच लेक खोडामागे पोचली होती. मोरघारीची नखे नुसती सालीवर घासली. ती निघून गेल्यावर शेकरूने लेकीला कुशीत घेतले. "बघितलंत ना मामा? बघितलंत ना?" एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. धनेशालाही ते मान्य करावे लागले. लेक वाचली होती, हे खरेच होते.

पुढे लेकीचे घरटे पुरे झाले. उंबर खोडापासून फांद्यांपर्यंत लालबुंद फळांनी लगडला होता. शेकरूने त्यातले सर्वांत पिकलेले फळ निवडून लेकीच्या हातात दिले आणि म्हणाली, "आजपासून हे झाड तुझं. आता कोणी हाक मारणार नाही. खा पोटभर."

लेकीने एक घास घेतला आणि ती थांबली. "पिकलं नाहीये का गं हे?"

शेकरूने चाखून पाहिले. फळ मधासारखे गोड होते. तिने दुसरे दिले, तिसरे दिले. "कसं लागतंय?"

"ओलं लागतंय," लेक म्हणाली.

"आणि गोड?"

लेकीने थोडा विचार केला. "गोड लागणार असं वाटलं, की छातीत धडधडायला लागतं. मग तोंडात काय आहे ते कळतच नाही."

"पण आता मी ओरडणार नाही ना, बाळा!"

"मला ठाऊक आहे. छातीला ठाऊक नाही." लेकीने फळ हातात तसेच धरून ठेवले. मग ती अगदी साधेपणाने म्हणाली, "आई, तू एकदा ओरडून घे ना. म्हणजे मग मला निवांत खाता येईल."

शेकरू तिथून उठली. ती धनेशाकडे गेली. "मामा, आता मी काय करू?"

धनेशाने या वेळी थट्टा केली नाही. "तिच्याजवळ बसा. राखण तुम्ही करा, पण गप्प राहून. गोडी परत यायची असेल तर हळूहळू येईल."

"आणि नाही आली तर?"

"तरीही बसा," धनेश म्हणाला.

शेकरूने रीत मोडली. ती दुसऱ्या झाडावर गेली नाही. शेंड्यावर बसून आकाशाकडे डोळे लावून राहू लागली, म्हणजे लेकीला वर पाहावे लागू नये. मोरघार लांबून दिसली तरी ती हळूच खाली येई आणि लेकीच्या पाठीला नुसता हात लावी. उंबर पुन्हा पिकले. एखाद्या सकाळी लेक उगाचच एक उडी मारी आणि आईचा जीव सुपाएवढा होई. पण दुसरी उडी काही येत नसे.

एके दिवशी न राहवून आईने विचारले, "आता लागतं का गं गोड?"

लेकीने आधी आकाशाकडे पाहिले, मग आईच्या तोंडाकडे.

"हो आई, गोड आहे," ती म्हणाली.

ते नुसते आपले मन राखण्यासाठी म्हटलेले आहे, हे शेकरूला कळले. तिने मान डोलावली आणि ती पुन्हा शेंड्यावर जाऊन बसली.

तात्पर्य : वाढत्या लेकराला जपण्यासाठी त्याच्या प्रत्येक आनंदात भीती कालवली, तर त्याचा जीव वाचेलही, पण आनंद चाखण्याची त्याची शक्ती हरवते, आणि ती आपण म्हणू तेव्हा त्याला परत देता येत नाही.