शेकलेली हलगी

हलग्या माणसांसारख्या बोलत, तेव्हाची ही गोष्ट. कुस्त्यांच्या मैदानात दोन हलग्या आल्या होत्या. जिचा आवाज चांगला घुमेल, तीच शेवटच्या मोठ्या कुस्तीला वाजणार होती. धाकटीला तो मान हवाच होता.

हवा दमट होती. थोरली पाचटाच्या जाळापाशी कातडं शेकत बसली. धाकटी हसली, "आक्का, थंडी वाजतेय होय गं? लोक येऊन बसले, नि तू आपली जाळापुढं!"

"तूही ये. कातडं सैल पडलंय, शेकल्याशिवाय ताठ व्हायचं नाही."

"माझं कातडं नवं कोरं आहे. त्याला काजळी कोण लावून घेणार?"

धाकटीची पाळी आली. टिपरू पडलं आणि ओल्या पोत्यावर मारल्यासारखा भद्द आवाज निघाला. पुढच्या रांगेतल्यांनीही मान वळवली नाही. मग थोरली कडाडली, आणि दोन्ही पैलवान शड्डू ठोकत उठले.

"जन्मजात आवाज आहे हो!" लोक म्हणाले.

धाकटीला ते ऐकवेना. "जन्मजात कसला?" ती ओरडली, "अंग भाजून घेतलंय तिनं!" आणि कुणी बोलवायची वाट न बघता ती जाळाकडे निघाली.