घंटेला थांबणारा बैल

फार फार वर्षांपूर्वीची, बैल अजून माणसांशी बोलत होते तेव्हाची ही गोष्ट. समुद्रकाठच्या एका गावात पास्कू नावाचा बागायतदार राहत होता. त्याच्या मामाने जाताना त्याला केळीची बाग, गोड्या पाण्याची विहीर आणि रहाट ओढणारा मोऱ्या बैल असं सगळं देऊन ठेवलं होतं.

गावात एक रीत होती. चर्चची घंटा सकाळी, दुपारी आणि तिन्हीसांजेला वाजे. ती वाजली की हातातलं काम ठेवायचं, देवाचे आभार मानायचे, जरा टेकायचं आणि मगच पुढच्या कामाला लागायचं.

पास्कूला मात्र घाई होती. त्याने मामाच्या दुप्पट केळी लावली होती.

"आभार मी रविवारी मानीन," तो बायकोला, नातालीनला म्हणाला. "आठवड्याचे सगळे एका दमात!"

"मग जेवणही रविवारीच वाढू का?" नातालीनने विचारलं.

पास्कू तोवर रहाटाकडे निघालाही होता.

दुपारी घंटा वाजली. मोऱ्या सवयीने थांबला, तशी पास्कूने त्याला पराणी टोचली. बिचारा पुन्हा चालू लागला. रहाट दिवसभर करकरत राहिला आणि बागेत पाणीच पाणी झालं. पास्कू खूश!

पण महिना उलटतो न उलटतो तोच केळीची पानं कडेने करपू लागली. पास्कूने आणखी पाणी सोडलं. पानं आणखीच करपली. घाबरून त्याने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. विहीर खारी झाली होती! दोघांचं वर्षाचं पोट त्या बागेवर होतं. तो रहाटापाशी मटकन खाली बसला.

"चला, एकदाचा बसलास," मोऱ्या म्हणाला.

"चेष्टा सुचतेय तुला? माझी बाग चाललीय!"

"तुझे मामा घंटेला थांबायचे, तेव्हा मी विहिरीत डोकावायचो. गोडं पाणी हळूहळू झिरपत वर यायचं. तू त्याला वेळच दिला नाहीस. विहीर रिती झाली की समुद्र आत शिरतो, पास्कू. आणि खारटपणा काय विहिरीलाच येतो? काल तू नातालीनवर उगाच खेकसलास, ते मी ऐकलं."

पास्कूची मान खाली गेली. तेवढ्यात दुपारची घंटा वाजली. नातालीन पेज घेऊन आली होती. त्याने मोऱ्याच्या मानेवरचं जू उतरवलं आणि तो तिच्या शेजारी हात जोडून उभा राहिला.

"देवबापा, या पेजेबद्दल तुझे आभार," तो म्हणाला. मग नातालीनकडे बघून म्हणाला, "हिच्याबद्दल." आणि डोळे पुसत, "या बैलाबद्दलही."

तेव्हापासून रहाट घंटेला थांबू लागला. रविवारी तर जागचा हलेना. बागेतली काही केळी गेली ती गेलीच. पण विहिरीचं पाणी हळूहळू पुन्हा गोडं झालं आणि उरलेल्या केळींना चांगले घड लागले. पहिला घड पास्कूने चर्चच्या पायरीवर नेऊन ठेवला. दुसरा मोऱ्याने मागितला नव्हता, तरी त्यालाच मिळाला.

तर मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, एवढं ध्यानात ठेवा: जो रोज थोडं थांबून देवाचे आभार मानतो, त्याच्या मनाची विहीर कधी खारी होत नाही.