टाकीचं झाकण

फणसावर बसलेल्या पहिल्या घावाचा आवाज अजून माझ्या कानात आहे. कुऱ्हाड माझ्याच हातात होती. अंगानं भरलेले आमचे ठेकेदार मलुष्टे अंगणात चहा पीत म्हणाले, "वहिनी, संडासची टाकी तीस वर्षांची. झाकण पार सडलंय, मांजर चढलं तरी खचेल. नवी टाकी फणसाच्या जागेवर घेऊ."

"आधी उघडून बघा तरी. हे झाड ह्यांनी लावलंय," अनसूयावहिनी काकुळतीनं म्हणाल्या.

"बघायचं काय? तीस वर्षांचा अनुभव आहे माझा!"

"बरं. मग आणखी अर्धा कप घ्या," वहिनी म्हणाल्या. "मघापासून त्या झाकणावरच उभे आहात तुम्ही."

मलुष्ट्यांनी पायाखालचा पाचोळा सरकवून पाहिला. मी कुऱ्हाड खाली ठेवली. ते कप कठड्यावर ठेवून फाटकाबाहेर गेले.