हजारीची काळजी

एकदा एका डोंगरी राज्यात एक हजारी होता. हजारी म्हणजे हजार स्वारांचा नायक. फौजेत तो साधा बारगीर म्हणून भरती झाला, तेव्हा अंगाखालचा घोडासुद्धा सरकारी होता. पुढे पंचवीस स्वारांचा हवालदार झाला, मग जुमलेदार, आणि मिशीत पहिला पांढरा केस दिसला त्या वर्षी हजारी. सीमेवरच्या घाटातली चौकी त्याच्या ताब्यात होती.

त्या वर्षी पंचहजारीची जागा रिकामी झाली. राजाने तालमीच्या वृद्ध वस्तादांना विचारले, "तुमच्या शिष्यांपैकी कोण योग्य?" हजारी हा वस्तादांचा सर्वात गुणी शिष्य. त्याचेच नाव निघणार, असे सारे धरून चालले होते.

आणि एका दुपारी राजधानीहून आलेल्या एका ओळखीच्या स्वाराने त्याच्या कानात सांगितले, "वस्तादांनी तुमच्या नावाला नकार दिलाय."

कोणी कान भरले? कोणती चूक घडली? हजारीसमोरची भाकरी तशीच राहिली. नायबाच्या हाती चौकी सोपवून त्याने तडक घोड्याला टाच मारली. वाटेत तो स्वतःशीच वाद घालत होता, वस्तादांचे म्हणणे कल्पून त्याला उत्तरे देत होता. रात्री एका देवळाच्या ओवरीत अंग टाकले, पण डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी तो तालमीत पोहोचला. वस्ताद आखाड्याची माती सारखी करत होते.

"ये," ते म्हणाले. "घाटाची काय खबर?"

"वस्ताद, तुम्ही राजांना माझ्याविषयी काय सांगितलंत?"

"यंदा नको म्हणालो."

"का?" हजारीने विचारले. "माझ्या अंगावरचे वार तुम्ही पाहिलेत. एकदा तरी पाठ दाखवली मी?"

फावडे भिंतीला टेकवून वस्ताद म्हणाले, "घाटापलीकडे सध्या कोण आहे?"

"हैबती हवालदार. टेहळणीला पाठवलाय."

"परत कधी यायचा होता?"

"काल सांजेला."

"आला?"

"मी... मी दुपारीच निघालो," हजारी म्हणाला.

वस्ताद बाहेर गेले. त्यांनी स्वतःच्या घोड्यावर खोगीर चढवले आणि लगाम त्याच्या हाती दिला. ना बसायला सांगितले, ना पाणी विचारले.

"नीट ऐक," वस्ताद म्हणाले. "काळजी करतोस म्हणून मी तुला नाकारलं नाही. बिनकाळजीचा माणूस फौजेला नकोच. बारगीर असताना तुला स्वतःच्या जिवाची काळजी होती, ते रास्तच. हवालदार झालास तेव्हा पंचवीस जणांची वाहिलीस. कुणाचा घोडा लंगडतोय, कुणाला ताप आहे, मला येऊन सांगायचास. पद वाढतं तसा काळजीचा घेर वाढायला हवा. तुझा आक्रसत गेला, बाळ. गेल्या पावसाळ्यापासून येतोस, ते एवढंच विचारतोस की राजे काय म्हणाले. हजारांचा नायक आणि काळजी एकाच माणसाची! तुला पाच हजार कसे सोपवू? आता बोलत बसू नकोस. घाट चढ."

हजारीने घोडा फेकला. छातीतली धडधड कालचीच होती, पण आता तिला हैबतीचा चेहरा होता. चौकी आली तेव्हा सूर्य कलला होता आणि घाटात काल सांजेला उतरलेले धुके अजून हलले नव्हते. हैबतीची तुकडी परतली नव्हती.

त्याने शिंग उचलले आणि दरीच्या कडेने चालत फुंकत सुटला. ओठ फुटले, तरी थांबला नाही. बऱ्याच वेळाने खालून क्षीण हाक आली. त्याने दोर खाली सोडला. घोडे खालीच ठेवून एकेक स्वार दोराला धरून वर येऊ लागला. सर्वात शेवटी हैबती आला. त्याच्या पाठीवर जोत्या नावाचा स्वार होता. जोत्याची मान लोंबत होती.

"पलीकडे गनिमाची हालचाल नाही, सरकार," हैबतीने आधी खबर दिली. मग हळूच म्हणाला, "काल सांजेला कड्याखाली थांबलो होतो. धुकं उतरलं की चौकीवरून शिंग वाजतं, तुमचाच हुकूम. लई वेळ वाट बघितली. वाजलं नाही, मग अंदाजानं निघालो. अंधारात जोत्याचा घोडा घसरला. जोत्या जागीच गेला, आणि आम्हाला वाट सापडेना."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नायब घाटात नवा होता, आणि शिंगाचे त्याला सांगून जाणे हजारीचे काम होते. ते त्याला सुचलेच नव्हते.

त्याने जोत्याला हैबतीच्या पाठीवरून आपल्या पाठीवर घेतले आणि चौकीपर्यंत दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी जोत्याच्या गावी तो स्वतः गेला. त्याच्या आईसमोर उभा राहिला आणि जे घडले ते, स्वतःला न वगळता, सांगितले.

पंचहजारीची जागा दुसऱ्याला मिळाली. वस्तादांचा घोडा परत करताना हजारीने निरोप धाडला, "तुम्ही राजांना योग्य तेच सांगितलंत."

ज्याच्या हाताखाली माणसे आहेत, त्याने झोप उडालेल्या रात्री स्वतःला एवढेच विचारावे: मी जागा आहे तो कुणासाठी?