आडवी डोलकाठी

हडसळ बंदरातून पाचखडपीच्या बेटांकडे निघालेल्या प्रत्येक होडीत गोड्या पाण्याच्या दोन घागरी असतात. त्यांतल्या एकीला पोचा पडलेला असतो. दोन्हींतलं पाणी प्यायचं नाही, त्यामुळे तहान लागली तर आपापल्या बाटल्या काढा. आणि बेटाशी पोचल्यावर नांगर टाकायच्या आधी आम्ही डोलकाठी आडवी करू, तेव्हा डोकी सांभाळा.

समोर पाचही बेटं सुरूंनी गच्च भरलेली दिसतात. झाडांचा अभ्यास करणारे एक गृहस्थ मागे आले होते. सुरू मुळात आपल्याकडचा नाही, बाहेरून आणलेला, असं त्यांचं म्हणणं. असेल बुवा. पण या बेटांवर तो कोणी आणला, ते आम्हाला ठाऊक आहे.

पूर्वी इथे नुसते काळे खडक होते आणि मधल्या बेटावर एकच सुरू उभा होता, असे सांगतात. पाण्याखाली सगळीकडे खडक. समुद्रावरून होडी घेऊन परतणारा तांडेल ते झाड होडीच्या नाळेसमोर, पुढच्या टोकाच्या रेषेत, धरून यायचा, म्हणजे खोल पाण्याची वाट बरोबर सापडायची. गावात झिलू नावाचा तांडेल होता, मोठा हुशार आणि तेवढाच गर्विष्ठ. त्याची नवी होडी तयार झाली, पण डोलकाठीचं लाकूड घाटावरून वेळेवर आलं नाही. नारळी पौर्णिमा होऊन गेली, बाकीच्या होड्या समुद्रावर गेल्या, आणि हा किनाऱ्यावर बसलेला. शेवटी त्याने डोलकाठीसाठी बेटावरचा तो सुरू तोडला. लोक बोलायला गेले तर म्हणाला, "माका वाट तोंडपाठ आसा. झाड कोणाक व्हया?"

त्याचा धाकटा भाऊ पुंडलिक तेव्हा लांब मासेमारीला गेला होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. आश्विनात एके दुपारी वादळ आलं. झिलूने आपली होडी खडकांच्या आत, मधल्या बेटाच्या दक्षिणेला नांगरून ठेवली होती आणि तो तिच्यातच बसला होता. पावसात त्याला भावाची होडी येताना दिसली. ती वाट सोडून सरळ त्याच्याकडे येत होती. पुंडलिकाला पावसात झिलूच्या डोलकाठीचा उभा सोट दिसला होता आणि त्याने तो झाड समजून धरला होता. झिलू ओरडत राहिला म्हणे, पण वाऱ्यापुढे काय ऐकू जाणार. होडी खडकावर फुटली. खलाशी पोहून निघाले, सुकाणूवरचा पुंडलिक मिळाला नाही.

पुंडलिकाची बायको देवकी चौथ्या दिवशी झिलूच्या दारात आली. "तेंनी झाड धरूनच होडी आणली, भावोजी," ती म्हणाली. "घोव काय परत येवचो नाय. झाड येयत. ता तरी लावा." त्यानंतर ती त्याच्याशी कधीच बोलली नाही.

झिलूने डोलकाठी काढून आडवी टाकली आणि पुन्हा कधी शीड चढवलं नाही. तो वल्ही मारत बेटावर टोपल्यांनी माती नेऊ लागला, रोज एक घागर पाणी नेऊ लागला. पहिल्या दोन पावसाळ्यांत सगळी रोपं वाहून गेली. कोणत्या खडकावर झाड धरेल याचा भरवसा नव्हता, म्हणून तो पाचही बेटांवर लावत गेला. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या होडीपाशी रोज सकाळी दुसरी भरलेली घागर दिसू लागली, पोचा पडलेली. ठेवताना कोणी पाहिलं नाही, पण घागर कोणाच्या घरची ते गावाला माहीत होतं. झिलूने विचारलं नाही. त्याने ती रोज नेली आणि रिकामी करून तिथेच ठेवली.

अशी बारा वर्षं गेली. झिलू अंथरुणाला खिळला तेव्हा देवकी आली. तिने त्याच घागरीतलं पाणी त्याच्या तोंडात घातलं आणि उरलेलं घेऊन ती बेटावर गेली.

आजही इथलं झाड कोणी तोडत नाही. होड्यांना इंजिनं आली, डोलकाठीवर आता नुसता झेंडा असतो, तरी नांगर टाकायच्या आधी ती आडवी होते. लांबून येणाऱ्याला झाडच दिसलं पाहिजे. आलं बेट. ती पोच्याची घागर तुम्ही घ्या, आणि त्या लहान रोपाला सावकाश घाला.