शिक्क्यातला सिंह आणि शेवटची ओळ

तर ही गोष्ट खरी. गळ्याची शपथ! माझ्या डोळ्यांदेखत घडली. म्हणजे अगदी डोळ्यांदेखत नाही, माझा जन्मच व्हायचा होता तेव्हा. माझ्या पणजीच्या डोळ्यांदेखत घडली. आता तिला मोतीबिंदू होता, ते सोडा. पण खरी. पाय आत घ्या पांघरुणात, आणि ऐका.

एक होता राजा. त्याचं नाव सुखराज. राजा वाईट नव्हता, बरं का. नुसता लांब होता. इतका लांब, की राज्याच्या टोकाच्या गावात काय चाललंय ते त्याला कळायचंच नाही. गावं त्याला कागदावर ठिपक्यांसारखी दिसायची. मग तो काय करायचा? हुकूम लिहायचा. आणि हुकमाच्या तळाशी लाखेचा शिक्का.

त्या शिक्क्यात एक सिंह होता. नखाएवढा. पण राजाच्या आजोबांनी त्याला मंत्र घालून ठेवला होता. कागदात लिहिलेलं कुणी मोडलं, की हा सिंह टुणकन बाहेर यायचा, बघता बघता हत्तीएवढा व्हायचा आणि एकच डरकाळी फोडायचा. झालं! मोडणाऱ्याच्या घराचं छप्पर उडून थेट शेजारच्या गावात. मग कोण मोडतंय?

राज्याच्या टोकाला नदीकाठी एक गाव होतं, पैलतळ. तिथे भिवरा नावाची नावाडीण राहायची. बाई काटक, बोलायला फटकळ. नदी खोल, पूल नाही. गावाला रस्ता म्हणजे नावच. बाजार पलीकडे, वैद्य पलीकडे आणि चंद्राई सुईणही पलीकडे. आणि या वेळी सुईणीचीच काळजी होती, कारण भिवराची लेक येसू बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. भिवरा वल्हं मारता मारता दहा वेळा वळून घराकडे बघायची.

मग एकदा काय झालं, राजाचा हुकूम आला. गावाचे कारकून विसूपंत पारावर उभे राहिले आणि त्यांनी एका दमात वाचून टाकला. "दुपारी सरकार झोपले की समस्त रयतेने झोपावे बहुत काय लिहिणे आपण सुज्ञ असा!" शेवटचं तर ते असं वाचायचे, जसं पाटावरून उठताना आपण घाईघाईनं ताटाला नमस्कार करतो.

मग काय, गाव झोपलं. तव्यावरच्या भाकरी करपल्या. एका म्हाताऱ्याचा तर अर्धा गालच दाढी करायचा राहिला.

मग दुसरा हुकूम आला. सरकार उठल्याशिवाय कोंबड्यांनी आरवू नये. आता कोंबड्याला कोण सांगणार? गावानं सगळे कोंबडे डालग्याखाली घातले, वर घोंगडी टाकली, आणि घरोघरची माणसं त्यावर बसून राहिली. शिक्क्यातल्या सिंहानं एक कान हलवला म्हणे. पण तेवढंच.

मग आला तिसरा. राजाला आपल्या तळ्यात नावांची आरास बघायची होती. रंगीत पताका लावलेल्या एकशे एक नावा! तेव्हा पैलतळच्या सगळ्या नावा गाडीवर घालून तीन दिवसांत राजधानीला पाठवाव्यात. पावसाळा संपेपर्यंत तिथेच राहतील. "बहुत काय लिहिणे आपण सुज्ञ असा!"

भिवरा गर्दीतून पुढे आली. नाव गेली, तर येसूला कळा सुरू झाल्यावर चंद्राई काय पोहत येणार?

"पंत," ती म्हणाली, "पुन्हा वाचा."

"अगं, कळलं की. नावा द्यायच्या."

"ते कळलं. शेवटी काय पुटपुटलात?"

"ते होय? ते काही नाही. ती रीत आहे लिहायची. 'आणखी जास्त काय लिहू, तुम्ही शहाणे आहात.' सगळ्याच कागदांवर असतं."

"शहाणे आहात, का शहाणे असा?"

"एकच ते!"

"एकच कसं? मी सासरी निघाले तेव्हा आई म्हणाली, 'सुखी असा'. सुखी कुठली, रडून डोळे सुजले होते माझे! ते 'आहात' नव्हतं पंत. ते 'राहा' होतं."

विसूपंतांनी कागद नाकाजवळ नेला, लांब धरला, उलटासुद्धा करून पाहिला. चाळीस वर्षं वाचत होते बिचारे, पण ही ओळ त्यांनी कधी वाचलीच नव्हती. नुसती म्हटली होती.

"मी नाव देत नाही," भिवरा म्हणाली, आणि जाऊन नावेत बसली.

तर काय, लाख तडकली! सिंह टुणकन बाहेर. मांजराएवढा, वासराएवढा, हत्तीएवढा! लोक पळाले, विसूपंत पाराच्या मागे. सिंहानं भिवराच्या घराकडे तोंड केलं. आत येसू निजलेली. सिंहानं छाती फुगवली, आणि...

"थांब रे!" भिवरा ओरडली. "डरकाळी फोडण्याआधी शेवटची ओळ वाच. तुझ्याच डोक्यावर असते ती."

सिंहानं छातीतली हवा तशीच धरून ठेवली. गाल टम्म फुगले. कागद बघितला.

"वरती लिहिलंय, नावा द्या," भिवरा म्हणाली. "खाली लिहिलंय, शहाणे राहा. लेकीला सुईण आणायची नाव पताका लावायला देणारी बाई शहाणी का? दे की उत्तर. नाव दिली तर खालचं मोडतं, नाही दिली तर वरचं. मी कुठलं पाळू?"

सिंहानं फुस्स करून हवा सोडली. मग पंज्यानं कान खाजवला. "बाई," तो हळूच म्हणाला, "शंभर वर्षांत मला असं कुणी विचारलंच नाही. सगळे पळतातच. चल, राजालाच विचारू."

मग सिंह नावेत बसला. पण पाण्याला असा भ्यायचा! दोन्ही पंज्यांनी काठ धरून, डोळे मिटून बसला होता, आणि नाव डुलली की म्हणायचा, "हळू गं बाई, हळू." नदी ओलांडून दोघं चालत राजधानीला गेली. वाटेत कुणी अडवलं नाही. हत्तीएवढ्या सिंहाला कोण परवाना मागणार?

राजवाड्यात राजा पताकांचे रंग निवडत होता. भिवरानं कागद पुढे केला. राजाचे चिटणीस, म्हणजे हुकूम लिहिणारे मोठे अंमलदार, ऐकून हसले. "सरकार, ती ओळ नुसती रीत आहे. खोडून टाकतो." आणि त्यांनी बोरू शाईत बुडवला.

"खोडा की," भिवरा म्हणाली. "मग पुढच्या कागदावर काय लिहिणार? 'बहुत काय लिहिणे, तुम्ही मूर्ख असा'? मूर्खांना हुकूम धाडला, तर त्यांनी तो नीट पाळावा असं तरी कसं म्हणणार?"

चिटणिसांचा बोरू तसाच वर राहिला. शाईचा थेंब पडला तो त्यांच्या पांढऱ्या अंगरख्यावर.

मग सिंह पुढे आला आणि त्या ओळीवर चक्क बसला. "सरकार," तो म्हणाला, "शिक्का तुमचा आहे, पण कागदावर तुमच्यासाठी वेगळी ओळ कुठे आहे? जे लिहिलंय ते मोडलं, खोडलं, की मी छप्पर उडवतो. छप्पर कुणाचं, ते मला तुमच्या आजोबांनी सांगितलेलं नाही."

राजानं हळूच मान वर करून छताकडे पाहिलं. झुंबर हललं, बरं का!

आणि मग राजानं असं काही केलं, जे त्यानं आजवर कधी केलं नव्हतं. त्यानं हुकूम दिला नाही. त्यानं प्रश्न विचारला. "बाई, तुमच्याकडे नाव नसली, तर काय होतं?"

भिवराचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "माझी लेक आत्ता एकटी पडलीय, सरकार. माझ्या आईच्या शेवटच्या बाळंतपणाच्या वेळी नदीला पूर होता. सुईण आणायला नाव सुटली नाही. माझी धाकटी बहीण जन्मताच गेली. येसूनं त्या मावशीला कधी पाहिलंच नाही."

राजानं हातातली पताका बाजूला ठेवली. मग म्हणाला, "चुकलं माझं. मला तुमचं गाव ठिपक्याएवढं दिसत होतं. नावा गावातच राहू द्या."

त्या दिवसापासून राजानं एक रीत पाडली. शिक्का मारायच्या आधी हुकमाचा मसुदा गावोगाव जायचा. अर्ध्या कागदावर राजाचं म्हणणं. उरलेला अर्धा कोरा, गावाच्या म्हणण्यासाठी. गावाचं आलं, की मगच लाख. आता यानं कामं झटपट व्हायला लागली असं समजू नका. छे! कागद महिना महिना फिरायचे. गावं आपसात भांडायची. एका गावानं तर अर्धा कागद नुसता कोंबड्यांच्या तक्रारींनी भरला. राजा कपाळाला हात लावायचा. पण वाचायचा. शेवटच्या ओळीपर्यंत.

आणि भिवरा? ती धावतच नदीवर आली, मागोमाग सिंह. पलीकडे गावाच्या काठावर तिचा दीर उभा राहून हातवारे करत होता, येसूला कळा सुरू झाल्या म्हणून. भिवरानं चंद्राईला उचलूनच नावेत ठेवलं. "अगं, माझी पिशवी!" चंद्राई ओरडली, तर पिशवी सिंहानं तोंडात धरून आणली. मग भिवरानं असं वल्हं मारलं, असं मारलं, की पाण्याला दम लागला. नाव काठाला लागली, चंद्राई आत गेली, दार लागलं. भिवरा बाहेर उंबऱ्यावर बसली. तिच्या शेजारी सिंह.

आणि दिवस मावळायच्या आत, ट्यँहा! मुलगी झाली. गुबगुबीत. येसू हसली, भिवरा रडली. सिंहानं आनंदानं डरकाळी फोडायला तोंड उघडलं, पण वर छप्पर बघून आवरलं आणि नुसती जांभई दिली. हो, अशीच, तू आत्ता दिलीस तशी.

मग येसू आणि तिची मुलगी सुखात राहिली, गाव सुखात राहिलं, राजासुद्धा बऱ्यापैकी सुखात राहिला.

काय? सगळं खरं ना, विचारताय? बरं, खोटं नको बोलायला. एक गोष्ट मी माझ्या पदरची घातलीय. सिंह नाही रे, सिंह कसा खोटा असेल! राजा सगळ्यांसमोर 'चुकलं माझं' म्हणाला ना, तेवढं माझं. खरा राजा नुसता खाकरला, आणि त्यानं हुकूम मागे घेतला. पण भिवराला तेवढं पुरलं. मला पुरलं नाही, म्हणून मी घातलं.

चला, मिटा डोळे.