तळपेठ शांत आहे

पुष्कळ पुष्कळ दिवसांमागची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक मोठं नगर होतं. वरच्या अंगाला वाडे होते आणि खालच्या अंगाला कुंभार, रंगारी, कोष्टी यांची दाट वस्ती. तिला तळपेठ म्हणत. तळपेठेत एकच हौद होता. डोंगरातून आलेल्या पाटाचं पाणी त्यात पडे.

त्या नगरात एक जगावेगळी रीत होती. हौदाजवळच्या पारावर रोज सकाळी सरकारचा एक माणूस येऊन बसे. त्याचं काम एकच, ऐकायचं. बायका भांडत, म्हातारे कुरकुरत, कुणी सरकारच्या नावानं बोटं मोडी. तो सगळं ऐके आणि नगरपालाच्या कानावर घाली. दरबारात मानकरी बसतात, मग पारावर बसतो तो कानकरी, असं म्हणून लोकांनीच त्याला ते नाव दिलं होतं.

आपल्या गोष्टीतला कानकरी तळपेठेतच वाढलेला. त्याची आई लवकर गेली. शेजारच्या कुंभारणीनं त्याला आपल्या लेकीबरोबर एका ताटात जेवू घातलं. त्या लेकीचं नाव ठकू. आता ठकू आजी झाली होती, पण जीभ होती तशीच तिखट.

"काय रे दादा, काल कानात बोळे घालून बसला होतास का? पाटात कुत्रं मरून पडलंय, आणि तुझे सरकार मिशीला तूप लावतायत!"

बायका खो खो हसत. कानकरीही हसे. पण दिवस मावळायच्या आत पाट साफ झालेला असे. त्यामुळे त्या पेठेत तोंडं पुष्कळ वाजत, दगड मात्र कधी उचलला जात नसे.

पुढे म्हातारा नगरपाल वारला आणि त्याचा मुलगा गादीवर बसला. त्याला ही रोजची कटकट सोसेना.

"वडलांनी तुला शिव्या गोळा करायला ठेवलं होतं काय?" तो म्हणाला. "तळपेठ शांत आहे, असं ज्या दिवशी सांगशील, त्या दिवशी जरीचा शेला देईन. शिव्याच आणायच्या असतील, तर पारावर दुसरा माणूस बसवतो."

कानकऱ्याचं वय झालं होतं. ऐकण्याखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं. तो घाबरला, आणि घाबरून जे बोलू नये ते बोलून गेला.

"हौदावर दोन शिपाई उभे करावेत, सरकार. जो मोठ्यानं बोलेल, त्याची घागर फोडायची. आपोआप शांत होतील."

त्याच सुमारास नगरपालानं वर नवी बाग केली. बागेत कारंजं उडावं म्हणून पाटाच्या तोंडाशी एक फळी बसवली. तळपेठेच्या हौदात पाणी येईनासं झालं. जे होतं ते हिरवं पडलं, त्याला वास येऊ लागला.

"दादा, हे पाणी गुरांनीसुद्धा तोंडाला लावू नये!" ठकू ओरडली.

शिपायानं तिची घागर फोडली. तिनेच घडवलेली, तिनेच भाजलेली घागर. ठकूनं भावाकडे पाहिलं. भाऊ जमिनीकडे पाहत राहिला.

त्यानंतर हौदावर कुणी बोललं नाही. हसलंही नाही. बायका येत, हिरवं पाणी भरत, निघून जात.

एके सकाळी ठकू रिकाम्या हातांनी आली आणि पारासमोर उभी राहिली.

"काय ठकू? शांत ना सगळं?" कानकऱ्यानं विचारलं.

"शांत झाला, दादा," ती म्हणाली आणि वळली.

कानकरी लगबगीनं वाड्यावर गेला. "तळपेठ शांत झाली, सरकार!" नगरपाल खूश झाला. त्यानं स्वतःच्या हातानं शेला त्याच्या खांद्यावर घातला.

उतरणीवर कानकऱ्याचे पाय एकाएकी थांबले. ठकू काय म्हणाली? झाला? पेठ असती तर झाली म्हणाली असती. मग शांत झाला तो कोण?

समोरून माणसं येत होती. पुढे ठकूचा लेक होता. त्याच्या दोन्ही हातांवर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं एवढंसं काही होतं. ठकूचा नातू. मागे सगळी पेठ होती, आणि कुणी रडत नव्हतं.

कानकरी माघारी फिरला. आताच्या आता नगरपालाला सांगावं, फळी काढा, पाणी सोडा. मग त्याचा हात शेल्याला लागला. आजच दिलाय, आजच कसं बोलायचं? उद्या सांगू, असं म्हणून तो घरी गेला.

उद्या सांगायला वेळ उरलाच नाही. सूर्य कलला तशी कुंभारांनी भट्टीतली जळती लाकडं उचलली. ना आरोळी, ना शिवी. हौदावरच्या शिपायांना काही कळायच्या आत लोक बागेपर्यंत पोचले. बाग जळली, वाडे जळले. मग नगरपालाचे घोडेस्वार सुटले आणि तळपेठही जळली. ठकूचा लेक पाटाच्या तोंडाशी मेला. त्याच्या बोटांनी फळीची कड घट्ट धरलेली होती.

सकाळी ठकू फुटक्या खापरांवर बसली होती. मांडीवर लेकाचं डोकं होतं. कानकऱ्यानं शेला काढून लेकाच्या अंगावर पांघरला.

"ठकू, बोल गं काहीतरी. शिवी दे. एक तरी दे."

ठकूनं तोंड उघडलं नाही.

नगरपाल काजळलेल्या तोंडानं, पायी चालत तिथं आला. त्यानं चहूकडे पाहिलं. फळी निखळली होती आणि पाटाचं पाणी स्वच्छ, खळखळत हौदात पडत होतं. ते भरायला कुणी आलं नव्हतं.

"पेठ कशी आहे?" त्यानं विचारलं.

"शांत आहे, सरकार," कानकरी म्हणाला.

मुलांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा : वस्तीची कुरकुर ऐकून घेणाऱ्याच्याच नगरात शांतता नांदते, कुरकुर दाबणाऱ्याच्या वाट्याला स्मशानातली शांतता येते.